अर्ज विचाराधीन आहे

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला 'परदेशगमनाच्या संधी' हा विषय दिला होता. तो आम्ही थोडा बदलून घेतला आहे. संधी सांगणारे पुष्कळ आहेत, सावेडीपासून पुण्यापर्यंत त्यांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. आम्ही बी. ए. झालेले, बँकेत कारकून. परदेश आम्ही पाहिलेला नाही. परंतु आमच्या घरच्या एका मुलीचा अर्ज परदेशात विचाराधीन होता आणि त्या काळात आम्ही सर्वजण कसे जगलो, ते आम्हाला सांगता येईल. आज या सभागृहात ज्या मुली बसल्या आहेत त्यांच्यातील दोघी-तिघींवर तरी ही वेळ येणार आहे, असे आम्हाला वाटते.

आमची पुतणी, म्हणजे थोरल्या बंधूंची मुलगी. बंधू राहुरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक. मुलगी २०१९ साली समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. कर्ज काढून गेली. साडेसात लाखांच्या वरचे शैक्षणिक कर्ज म्हटले की तारण लागते. बंधूंनी घर आणि जागा तारण दिली, त्या कागदांवर साक्षीदार आम्ही. २०२१ मध्ये तिचे शिक्षण संपले. शिक्षणानंतर एक वर्ष काम करण्याची मुभा तिकडे विद्यार्थ्यांना असते, त्यात तिला नोकरी लागली. तिकडेच आपल्याच समाजातील, मूळच्या नागपूरकडच्या कुटुंबातील मुलगा भेटला. त्याचा जन्म तिकडचा, म्हणजे तो तिकडचा नागरिक. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी कार्यालयात विवाह नोंदवला आणि त्याच संध्याकाळी चार घरच्या मंडळींसमोर बुद्धवंदना घेऊन, पांढऱ्या साडीत, बौद्ध पद्धतीने विवाह केला. आम्ही इकडे मोबाईलच्या पडद्यावर फुले वाहिली. मार्चमध्ये तिच्या कायम रहिवासाचा अर्ज दाखल झाला.

आता येथे थोडे थांबून नियम सांगतो, कारण आपल्याकडे 'मुलगा अमेरिकेत सेटल आहे' एवढ्या एका वाक्यावर बैठक ठरते. सेटल म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. मुलगा तिकडचा नागरिक असेल तर पत्नीच्या अर्जाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मुलगा नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर मर्यादा आहे, रांग आहे, आणि ती रांग कधी पुढे तर कधी मागे सरकते. मुलगा एच-वन-बी व्हिसावर असेल तर तो स्वतःच पाहुणा. त्याच्या पत्नीला एच-फोर मिळतो आणि त्यावर काम करता येत नाही. २०१५ सालापासून त्यातील काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डचा प्रस्ताव एका ठराविक पायरीपर्यंत पोचला असेल तरच. इंजिनियर मुलगी चार भिंतींत बसून राहते, ती यामुळे. तीन मुलगे एकाच गावात, एकाच कंपनीत काम करतात, आणि त्यांच्या बायकांची आयुष्ये तीन तऱ्हेची होतात. हुंड्याच्या याद्या पाठ असणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी हा एक प्रश्न विचारायला शिकावे: 'तुझा कागद कोणता?'

आमच्या मुलीचा प्रकार पहिला, म्हणजे त्यातल्या त्यात सोपा. तरी त्या अर्जाने पहिली मागणी केली ती जन्मदाखल्याची. मुलगी १९९५ ची. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म नेवासे तालुक्यातील आजोळी, घरीच, सुईणीच्या हातून. आम्ही दाखला शोधला राहुरी तालुक्यात. पंधरा दिवस गेले आणि मग वहिनी म्हणाल्या, 'अहो, ती माझ्या आईच्या घरी झाली ना!' नेवाशाकडच्या ग्रामपंचायतीत गेलो तर त्या वर्षीच्या नोंदवहीत नाव नाही. कोणी नोंदवलेच नव्हते. अशा वेळी नोंद आढळत नाही असा ग्रामपंचायतीचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. एक मोठ्या मावशीचे झाले, दुसरे खुद्द आईचे. वहिनी चौथी शिकलेल्या. तहसीलच्या आवारात, टाइपरायटरवाल्याच्या टेबलावर वाकून त्यांनी आपले नाव सावकाश लिहिले. सही झाल्यावर त्यांनी आम्हाला विचारले, 'भाऊजी, हा कागद तिकडं जाणार का?' आम्ही हो म्हणालो. 'म्हणजे मी नाही गेले तरी माझी सही जाईल.'

नावांचा गोंधळ वेगळाच. बँकेच्या काउंटरवर आम्ही तो रोज पाहतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, लग्नात सासरच्यांनी ठेवलेले तिसरे. येथे प्रतिज्ञापत्रावर भागते, तिकडच्या अधिकाऱ्यापुढे त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे, आणि बदलायचे नसेल तर नवऱ्याच्या घरच्यांना तसे ठामपणे सांगावे. आमच्या पुतणीने बदलले नाही, त्यामुळे निदान ते एक काम वाचले. आता आपल्या जिल्ह्याचेच नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे. जुन्या दाखल्यांवर अहमदनगर आणि नव्यांवर अहिल्यानगर असणार. तेव्हा त्या अधिसूचनेची प्रतही फाईलला लावून ठेवावी. मुंबईच्या लोकांनी १९९५ नंतर हे सर्व केलेच आहे.

विवाहाच्या दाखल्याविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ते आपल्या संस्थेशी संबंधित आहे. आपल्या पद्धतीने विवाह झाल्यावर संस्था दाखला देते, त्यावर भन्तेजींची किंवा बौद्धाचार्यांची सही असते. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु परदेशी कार्यालयाला सरकारी नोंदणी लागते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांचे विवाह नोंदवले जावेत असा निकाल दिला. तरी आजही लग्नाला पाच-सात वर्षे झालेली जोडपी, पासपोर्टची वेळ आली की ग्रामसेवकाला शोधत फिरतात. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत जो विवाह केला तो नोंदणी पद्धतीने केला. विवाह लावला त्याच आठवड्यात नोंदणीचा अर्ज द्यावा, अशी आमची संस्थेला सूचना आहे. परदेशी जाणाऱ्याने त्या दाखल्यावर मंत्रालयातून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल करून घ्यावे. २००५ पासून आपला देश त्या व्यवस्थेत आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अर्ज दाखल झाला की पोच मिळते. तिच्यावर एक क्रमांक असतो, तीन इंग्रजी अक्षरे आणि दहा आकडे. त्या क्रमांकावरून आपला अर्ज कोठे आहे ते कोणालाही संगणकावर पाहता येते. पुतणी रोज सकाळी उठून ते पाही. महिनोन्महिने एकच ओळ, अर्ज मिळाला आहे आणि विचाराधीन आहे. या काळात माणूस तिकडे कायदेशीर राहू शकतो, त्याला कोणी हाकलत नाही. पण दोन दोऱ्या त्याच्या पायाला असतात. एक, वेगळा परवाना आल्याशिवाय काम करता येत नाही. दुसरी, वेगळा प्रवास परवाना हाती आल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकले तर अर्ज सोडून दिला असे धरतात. एच-वन-बी सारख्या काही व्हिसावाल्यांना यातून सूट आहे, विद्यार्थी व्हिसावरून अर्ज करणाऱ्याला नाही. ब्रिटनमध्येही, तिथे राहून मुदतवाढीचा अर्ज केलेला असताना देश सोडला की अर्ज मागे घेतला असेच समजतात.

पहिली दोरी जुलै २०२२ मध्ये आवळली. विद्यार्थी म्हणून मिळालेले कामाचे वर्ष संपले, विवाहाच्या आधाराचा कामाचा परवाना आलेला नाही, त्यामुळे नोकरी सुटली. इकडे कर्जाचा हप्ता मात्र सुरू झालेला. शिक्षणाचा काळ आणि त्यावर एक वर्ष, मग हप्ता, हा नियम आम्हीच बंधूंना समजावून सांगितला होता. जावई भला माणूस. तो म्हणाला, मी भरतो. बंधूंना ते पटले नाही. 'जावयाच्या पैशानं मुलीचं शिक्षण फेडायचं नाही,' म्हणाले, आणि सात महिने आपल्या पगारातून महिना बावीस हजार भरत राहिले. आम्ही बँकेचे माणूस, आम्हाला तो आडमुठेपणा वाटला. आजही वाटतो. पण त्या हप्त्याची पावती आमच्याच काउंटरवर फाडली जात होती आणि बंधूंना बोलायचे धाडस आम्हाला झाले नाही. पुतणी तिकडे स्वयंपाक करी, ग्रंथालयात जाई, परवान्याची वाट पाही. एकदा ती फोनवर म्हणाली, 'काका, मला इथं कुणी काही बोलत नाही, पण मला जेवताना लाज वाटते.' सत्तावीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली मुलगी हे बोलत होती.

दुसरी दोरी ऑक्टोबरमध्ये आवळली.

वहिनींना गुरुवारी दुपारी मेंदूत रक्तस्राव झाला. नगरच्या एका खाजगी रुग्णालयात आणले. पुतणीला रात्री कळवले. प्रवास परवान्याचा तिचा अर्ज सात महिन्यांपासून पडून होता. अशा प्रसंगी तातडीचा परवाना मागता येतो, त्यासाठी तिथल्या स्थानिक कार्यालयात वेळ घ्यावी लागते आणि आजारपणाचे पत्र दाखवावे लागते. ते तिला माहीत होते. तिने पहाटे आम्हाला निरोप पाठवला, 'डॉक्टरांचं पत्र पाठवा.' आम्ही काय केले? केसपेपरचा फोटो काढून पाठवला. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी, शिक्का नाही, अक्षर लागत नाही. तिकडे दुसऱ्या भाषेतील प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते आणि भाषांतर करणाऱ्याने ते बरोबर असल्याचे सहीनिशी लिहून द्यावे लागते. हे आम्हाला तोपर्यंत चांगले ठाऊक झाले होते, मावशीच्या प्रतिज्ञापत्राचे भाषांतर आम्हीच केले होते. पण त्या वेळी डोक्यात फक्त रक्ताच्या बाटल्या होत्या. लेटरहेडवर टंकलिखित, शिक्क्याचे, रुग्णाचे आणि मुलीचे नाते लिहिलेले पत्र आम्ही शनिवारी दुपारी मिळवले. डॉक्टरांनी मागितल्याबरोबर दहा मिनिटांत दिले. शुक्रवारी मागितले असते तर शुक्रवारीच मिळाले असते. तिकडे शनिवार-रविवार कार्यालय बंद. रविवारी पहाटे वहिनी गेल्या.

शुक्रवारी ते पत्र गेले असते तर ती आईला जिवंत भेटली असती, असे आम्ही म्हणत नाही. अंतर मोठे, वेळ थोडा. पण ती चूक आमच्या हातून झाली आणि ती आम्ही या सभेत सांगत आहोत.

त्या सकाळी घरी सगळे नातेवाईक जमले. एका वडीलधाऱ्यांनी फोन हातात घेऊन तिला सांगितले, 'निघ आत्ताच्या आत्ता. परवाना काय आईपेक्षा मोठा आहे का?' ती तिकडे पिशवी भरून बसलेली. जावई म्हणत होता, तू ठरव. आम्ही फोन घेतला, बाहेर ओसरीवर आलो आणि तिला सांगितले, 'येऊ नकोस.' आली असती तर अर्ज संपला असता. मग इकडच्या वकिलातीमार्फत व्हिसा मिळवायचा आणि तोपर्यंत तिने इकडे राहायचे, कर्ज डोक्यावर घेऊन. हे सर्व आम्ही तिला त्या क्षणी सांगितले नाही, सांगण्याची गरज नव्हती, तिला आमच्याहून जास्त ठाऊक होते. तिला फक्त कोणीतरी घरातल्याने हे म्हणायला हवे होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'काका, फोन चालू ठेवा.' अंत्यसंस्कार होईपर्यंत आमचा धाकटा मुलगा फोन धरून उभा होता. पाचव्या दिवशीच्या पुण्यानुमोदनालाही तिने तिकडून त्रिशरण घेतले. आजही काही नातेवाईक आमच्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये काम आणि प्रवास दोन्ही परवाने एकदम आले.

मे महिन्यात दोघांची मुलाखत झाली. विवाह खरा आहे की कागदासाठी केलेला, एवढेच तिथे पाहायचे असते. एकत्र बँक खाते, घराचा भाडेकरार, विम्यावरील वारसाचे नाव, फोटो. फोटो पाहून अधिकाऱ्याने विचारले, 'तुम्ही भारतीय, मग लाल साडी कुठे आहे? अग्नी कुठे आहे?' पुतणीने त्याला १४ ऑक्टोबर १९५६ पासून सांगायला सुरुवात केली. नागपूर, दीक्षाभूमी, पंचशील. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, 'ठीक आहे, तुमच्या सासूबाईंची जन्मतारीख सांगा.' ती तिला आली नाही, नवऱ्यालाही आली नाही. तिघेही हसले. कार्ड मंजूर झाले.

हसण्यावारी गेले म्हणून सांगतो. असे नेहमी झालेले नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिचा होणारा नवरा तिकडे स्थायिक होता. त्या वेळच्या नियमाने लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला आधी व्हिसा लागत नसे, विवाहित पत्नीला लागे. ही बाई आधीच विवाहित असेल असा संशय घेऊन तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. १ फेब्रुवारी १९७९ ला गार्डियन वृत्तपत्राने ते छापले, दोन्ही देशांत संताप उसळला आणि ती तपासणी बंद झाली. त्यानंतरही १९८० पासून जून १९९७ पर्यंत तिथे एक नियम होता: विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. मनातील हेतू कागदावर कसा सिद्ध करायचा? आता तिथे पैशाचे माप आहे. एप्रिल २०२४ पासून बोलावणाऱ्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावे लागते, आणि कायमच्या परवानगीला पाच वर्षे काढावी लागतात.

आपण लगेच परक्यांना नावे ठेवू नयेत. परदेशी सून किंवा जावई आपल्या गावात राहायला आला तर आपला कायदाही त्याला ताटकळत ठेवतो. विवाह नोंदवून दोन वर्षे झाल्याशिवाय ओसीआय कार्डाचा अर्ज करता येत नाही, आणि नागरिकत्वासाठी सात वर्षे येथे राहावे लागते.

विद्यार्थिनींनी पुढचे नीट ऐकावे. ज्या विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतात त्याच्या आधारावर अमेरिकेत मिळणारे कार्ड सशर्त असते, दोन वर्षांचे. १९८६ सालच्या कायद्याने तसे झाले. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे इतकी वर्षे मुलीचा रहिवास नवऱ्याच्या सहीला बांधलेला. नवरा चांगला असेल तर ही नुसती कटकट असते. नवरा वाईट असेल तर 'सही करणार नाही' ही एक धमकी त्याला काठीसारखी वापरता येते. तिकडच्या कायद्यालाही हे कळले. छळ होणाऱ्या पत्नीला नवऱ्याला बाजूला ठेवून स्वतःचा अर्ज करण्याची सोय अमेरिकेने १९९४ मध्ये केली, आणि ब्रिटननेही २००२ मध्ये आपल्या नियमांत अशा स्त्रियांसाठी वाट ठेवली. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. पण ही दारे ठोठावायची तर आपल्या अर्जाचा क्रमांक आपल्याला माहीत हवा. आमच्या काउंटरवर एक मुलगी आली होती, तिला नवऱ्याने कोणता अर्ज केला, केला की नाही, हेच ठाऊक नव्हते. 'सगळं त्यांच्याकडं आहे' म्हणाली. पासपोर्टही सासऱ्यांच्या कपाटात. पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे, सासऱ्यांची नव्हे, हे आम्ही तिला सांगितले. तिला ते खरे वाटले नाही.

बँकेचे एक सांगून टाकतो, नाहीतर आमचे साहेब म्हणतील कारकून भाषणे करतो आणि कामाचे बोलत नाही. परदेशात शिकायला किंवा राहायला गेलेल्या माणसाचे येथील साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. सगळे विसरतात. आमची पुतणीसुद्धा विसरली होती, आणि काका बँकेत!

तिच्या कार्डाची दोन वर्षे मे २०२५ मध्ये भरली. त्याआधी दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज केला. पोचपावतीने कार्डाची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांनी वाढली आहे, त्यामुळे नोकरी आणि प्रवास दोन्ही चालू आहे. अर्ज आजही विचाराधीन आहे. कर्जाचा हप्ता २०२३ पासून ती स्वतः भरते.

ती प्रथम आली ती डिसेंबर २०२३ मध्ये. घरी दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या शाखेत आली. वहिनींच्या खात्यावर वारस म्हणून तिचे नाव होते. चौदा महिने ते खाते तसेच पडून होते, बंधूंनी त्याचा विषय काढला नव्हता आणि आम्हीही काढला नव्हता. आम्ही मृत्यूचा दाखला, पासबुक आणि मागणी अर्ज तिच्यापुढे ठेवला. खात्यात आठ हजार चारशे रुपये होते. तिने नमुना सहीच्या कार्डावरची आईची सही पाहिली आणि म्हणाली, 'माझ्या फाईलमध्ये हीच आहे, काका.' मग खुर्ची पुढे ओढून तिने अर्ज भरायला घेतला. नाते, या रकान्यात तिने 'मुलगी' असे लिहिले. मागे रांग वाढत होती, म्हणून आम्ही तिला आत बसायला सांगितले आणि पुढचे टोकन पुकारले.

जयभीम.